मिश्र शेतकचऱ्याचा बायोगॅस: ढिगाच्या निवडीपासून निळ्या ज्योतीपर्यंत

शेणावर नीट चालणारी गॅसटाकी शेतातला कचरा टाकायला लागल्यापासून दीड-दोन महिन्यांत बंद पडली, ही तक्रार सारखी ऐकू येते. अशा टाकीत वर काडाचा वीतभर जाड थर असतो, मधे आंबूस वासाचं पाणी आणि तळाशी माती. बांधकामात दोष क्वचितच निघतो. चूक झालेली असते ती टाकीच्या बाहेर, म्हणजे काय टाकायचं, किती टाकायचं आणि आधी काय नि नंतर काय, हे ठरवताना. म्हणून या लेखात बांधकामावर थोडं आणि तयारीवर जास्त लिहिलं आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन टप्पे कंटाळवाणे वाटतात, पण टाकी पुढे चालणार की नाही हे तिथेच ठरतं.

## टप्पा १: ढीग आधी वेगळे करा

"मिश्र कचरा" म्हणजे सगळं एकत्र ओतणं नव्हे. मिश्रण करायचं असतं ते मापून, आणि त्यासाठी आधी सगळं वेगळं असावं लागतं. चार ढीग करा.

१. शेण. हा पाया. टाकीला लागणारे जिवाणू यातच असतात आणि आम्लता सांभाळून घेण्याची ताकदही शेणातच असते.

२. काड-पेंढा. गव्हाचं काड, भाताचा पेंढा, मक्याचे धांडे, उसाचं पाचट. यात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन फार कमी. कुजायला वेळ लागतो आणि पाण्यावर तरंगतं.

३. हिरवा, रसाळ कचरा. भाजीपाला, सडकी फळं, कंद, हिरवं गवत. हा झटपट आंबतो आणि गॅस लवकर देतो. टाकी आंबवणाराही बहुतेक वेळा हाच.

४. नायट्रोजनवाला माल. कोंबड्यांची विष्ठा, शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या, गोमूत्र. थोडा पुरतो, जास्त झाला तर टाकीला बाधतो.

पाचवा ढीग टाकीत न घालण्याचा. पऱ्हाट्या, तुराट्या, फांद्या, करवंट्या, लाकडाचा भुसा यांतलं लिग्निन, म्हणजे लाकडाला टणकपणा देणारा पदार्थ, टाकीतले जिवाणू फोडू शकत नाहीत. तो माल नुसती जागा अडवतो. असा कोरडा, लाकडी कचरा गॅसिफायरमध्ये (कमी हवेत तापवून त्याचा गॅस काढणाऱ्या भट्टीत) किंवा दाबून ब्रिकेट, म्हणजे जळणाच्या विटा, करून जाळण्यासाठी वापरावा.

सावधान: नुकतंच कीटकनाशक किंवा तणनाशक मारलेला पाला, प्रतिजैविकं चालू असलेल्या जनावराचं शेण आणि साबणाचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. टाकी जिवाणूंवर चालते आणि ही तिन्ही जिवाणूंच्याच जिवावर उठतात. लिंबू-संत्र्यांच्या सालीतलं तेलही त्यांना सोसत नाही, म्हणून त्या साली चवीपुरत्याच.

## टप्पा २: बादली बाजूला ठेवा, वजन करा

सर्वात जास्त चुका इथे होतात. दहा किलो टोमॅटो आणि दहा किलो पेंढा यांना "एक-एक बादली" म्हणणं म्हणजे हिशोबच सोडून देणं. टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं, वाळल्या पेंढ्यात जेमतेम दहा टक्के. टाकीला पाणी पचवायचं नसतं, तिला पचवायचा असतो घन पदार्थ, म्हणून हिशोब कोरड्या वजनाचा करायचा.

दोन गोष्टी साधायच्या आहेत. एक, काल्यात, म्हणजे पाण्यात कालवलेल्या मालात, घन पदार्थ ८ ते १० टक्के असावा. दोन, कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर २० ते ३० च्या दरम्यान बसावं. गाई-म्हशींच्या शेणाचं ते साधारण २४ असतं, म्हणूनच नुसत्या शेणावर टाकी बिनतक्रार चालते. पेंढ्याचं ७० च्या आसपास किंवा त्याहूनही वर जातं, कोंबड्यांच्या विष्ठेचं १० च्या आसपास.

एक रोजचा घाणा, म्हणजे एका दिवसाची घालणी, करून पाहू:

- ओलं शेण ५० किलो: कोरडं वजन १० किलो, त्यात कार्बन ४.१ किलो, नायट्रोजन ०.१७ किलो.
- वाळला पेंढा ५ किलो: कोरडं वजन ४.५ किलो, कार्बन १.९ किलो, नायट्रोजन ०.०२७ किलो.
- हिरवा कचरा १० किलो: कोरडं वजन १ किलो, कार्बन ०.४ किलो, नायट्रोजन ०.०२५ किलो.
- कोंबड्यांची ओली विष्ठा ५ किलो: कोरडं वजन १.५ किलो, कार्बन ०.५३ किलो, नायट्रोजन ०.०५३ किलो.

बेरीज केली की कार्बन ६.९३ किलो आणि नायट्रोजन ०.२७५ किलो येतो. भागाकार २५, म्हणजे मिश्रण बरोबर मधे बसलं. आता हेच विष्ठा वगळून करून पाहा. गुणोत्तर २९ च्या जवळ जातं, म्हणजे वरच्या मर्यादेला टेकतं. पेंढा अजून थोडा वाढवायचा तर विष्ठा किंवा गोमूत्र का लागतं, ते इथे दिसतं.

आता पाणी. एकूण कोरडं वजन १७ किलो आहे. ८ टक्क्यांचा काला हवा असेल तर एकूण वजन १७ भागिले ०.०८, म्हणजे साधारण २१२ किलो झालं पाहिजे. मालाचं ओलं वजन ७० किलो आहे, तेव्हा पाणी सुमारे १४२ लिटर. नुसतं शेण असतं तर "शेणाइतकंच पाणी" हा जुना नियम चालला असता. पेंढा आला की तो नियम सोडावा लागतो.

टाकीचं मापही याच आकड्यावरून काढा. रोज २१२ लिटर आणि माल आत राहायला ५० दिवस, म्हणजे काल्यासाठी सुमारे १०.६ घनमीटर जागा. ती वायूची जागा सोडून. एवढ्या घाण्यातून उबदार हवेत रोज साडेतीन घनमीटरच्या आसपास गॅस धरावा. त्यातला दोन घनमीटर एकट्या शेणाचा असतो, कारण २५ किलो ताज्या शेणामागे साधारण एक घनमीटर गॅस मिळतो.

तपासणी: एकूण कोरड्या वजनात काड-पेंढ्याचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला आहे का? गेला असेल तर साध्या, ढवळणी नसलेल्या टाकीत तो घालू नका. गुणोत्तर कागदावर कितीही सुरेख आलं तरी वर साय, म्हणजे काडाचा तरंगता थर, धरणारच.

## टप्पा ३: बारीक करा, मग मुरवा

पेंढ्याचे तुकडे दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा मोठे नसावेत. एक सेंटीमीटर झाले तर उत्तम. कडबाकुट्टीतून दोनदा काढलं की काम होतं. पण नुसतं बारीक करून भागत नाही. वाळल्या काडीवर मेणचट थर असतो आणि पोटात हवा, त्यामुळे ती टाकीत गेल्या गेल्या वर येते.

त्यावर उपाय एकच, मुरवणं. बारीक केलेला पेंढा टाकीतून बाहेर पडलेल्या स्लरीत (पचून निघालेल्या काल्यात) किंवा शेणपाण्यात भिजवा, ढीग लावा, गोणपाटाने झाका आणि पाच ते सात दिवस राहू द्या. दोन दिवसांत ढीग आतून गरम होतो. यात थोडा कार्बन हवेत जातो, म्हणजे थोडा गॅस गमावतो हे खरं, पण साय फोडत बसण्यापेक्षा हा तोटा मी केव्हाही पत्करीन.

मुरलं की नाही हे हाताने कळतं. मूठभर काढा आणि पिळा. काडी आधी पिवळी, चकचकीत आणि करकरीत होती, ती आता तपकिरी, मऊ, बोटांत दाबली तर चपटी होणारी लागते. मग चिमूटभर पाण्याच्या बादलीत टाका. बहुतेक काड्या हळूहळू खाली गेल्या तर माल तयार. तरंगत राहिल्या तर अजून दोन दिवस थांबा.

हिरवा कचरा मात्र मुरवायचा नाही. तो ठेचून त्याच दिवशी वापरा. शेणातले खडे आणि कोंबड्यांच्या विष्ठेतली वाळू काला कालवताना खाली बसू द्या आणि तळातलं तसंच मागे ठेवा. रोज मूठ-दोन मुठी वाळू आत गेली तरी काही वर्षांत टाकीची चांगली जागा खाऊन बसते.

## टप्पा ४: रिकाम्या टाकीची परीक्षा

टाकी तरंगत्या झाकणाची असो, स्थिर घुमटाची किंवा फुग्याची, परीक्षा दोन. आधी पाण्याची: टाकी पाण्याने भरून भिंतींना तीन-चार दिवस पाणी पिऊ द्या, मग पातळीवर खूण करा. चोवीस तासांत पातळी एक-दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरली तर गळती शोधा.

दुसरी हवेची. वायूच्या जागेत हवेचा दाब द्या आणि नळीला इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली, पाणी भरलेली पारदर्शक नळी जोडा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. वेळ तीच हवी, कारण उन्हात हवा फुगते आणि रात्री आकसते, त्यामुळे सकाळ-दुपारची तुलना फसवी ठरते. दाब उतरला असेल तर प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधा.

स्थिर घुमटाच्या टाकीत पुढे साय फोडायला जागाच नसते. तुमची टाकी तशी असेल तर टप्पा ३ मध्ये सवलत नाही.

## टप्पा ५: पहिली भरणी फक्त शेणाची

कचरा कितीही साठला असला तरी पहिल्या भरणीत त्यातलं काहीही घालू नका. मिथेन, म्हणजे गॅसमधला जळणारा भाग, तयार करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात, आणि आम्ल तयार करणारे झपाट्याने. सुरुवातीलाच रसाळ कचरा मिळाला तर आम्लवाले पुढे निघून जातात आणि मिथेनवाल्यांना ते आम्ल खाऊन संपवता येत नाही.

शेणाचा काला भरताना त्यात दहा ते वीस टक्के चालू टाकीतली स्लरी घाला. हे विरजण आहे, आणि विरजण जितकं ताजं तितकं बरं. भरताना वायूचा कॉक उघडा ठेवा, भरणी पूर्ण झाल्यावर बंद करा. तापमान तिशीच्या आसपास असेल तर दोन ते तीन आठवड्यांत पेटणारा गॅस येतो, थंडीत बराच उशीर लागतो. १५ अंश सेल्सिअसच्या खाली काम जवळपास थांबतंच. सर्वात चांगलं चालतं ते ३५ च्या आसपास.

सावधान: पहिला गॅस पेटवायचा नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि आत अडकलेली हवा असते. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीने स्फोट होतो. वायूची जागा दोन-तीनदा भरेपर्यंतचा गॅस मोकळ्यावर सोडून द्या, आसपास विडी-काडीसुद्धा नको. त्यानंतरही चाचणी टाकीच्या तोंडाशी घ्यायची नाही, लांबच्या शेगडीवरच घ्यायची.

## टप्पा ६: कचरा एकेक करून आत आणा

गॅस स्थिर निळा जळायला लागला की रोजची शेणाची घालणी सुरू करा. पहिल्या आठवड्यात ठरलेल्या मापाच्या पाव, पुढच्या आठवड्यात अर्धी, मग पूर्ण. त्यानंतर मुरवलेला पेंढा, तोही आधी थोडा. एक आठवडा पाहा, सगळं ठीक असेल तर वाढवा. मग हिरवा कचरा, शेवटी विष्ठा. एका आठवड्यात एकच नवा माल आणायचा, दोन एकदम आणले आणि टाकी रुसली तर कोणामुळे ते कळत नाही.

एकदा माझ्याकडे सडलेल्या बटाट्यांचा ढीग पडला होता. वाया जाऊ नये म्हणून सुमारे दोनशे किलो एकाच दिवशी आत ढकलले. दुसऱ्या दिवशी गॅस इतका आला की मला वाटलं, आपण उगाच घाबरत होतो. तिसऱ्या दिवशी ज्योत शेगडी सोडून वर उडायला लागली, आठवड्याने पेटेनाशी झाली. दुसऱ्या दिवशीचा तो भरघोस गॅस मुख्यतः कार्बन डायऑक्साइड होता, आंबण्यातून निघालेला. टाकी पूर्वपदावर यायला पाच आठवडे लागले. तेव्हापासून जास्तीचा रसाळ माल आला तर तो झाकून साठवतो आणि रोज मापानेच घालतो.

## टप्पा ७: टाकी आंबते आहे हे वेळेत ओळखा

रोज एकाच वेळी, एकाच मापाने घाला. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घालून भरून काढू नका.

बरेच जण पीएचच्या (आम्लतेचा आकडा, आम्ल वाढलं की तो पडतो) पट्टीवर विसंबतात. काला ६.८ ते ७.५ मध्ये असावा हे बरोबर, पण पीएच सगळ्यात शेवटी पडतो. काल्यातले क्षार बराच काळ आम्ल झेलत राहतात, आणि पट्टीवर रंग बदलेपर्यंत उशीर झालेला असतो. लक्षणं साधारण या क्रमाने येतात:

1. ज्योत फिकी होते, शेगडीवरून उचलली जाते.
2. तेवढ्याच घालणीत गॅस कमी पडायला लागतो.
3. बाहेर येणाऱ्या स्लरीला आंबूस वास येतो, कधी फेस येतो.
4. मग पीएच ६.५ च्या खाली घसरतो.

पहिलं किंवा दुसरं लक्षण दिसताच घालणी पूर्ण बंद करा. तीन ते सात दिवस टाकीला उपास घडवा. नुसत्या उपासाने बहुतेक टाक्या सावरतात. नाही सावरली तर चालू टाकीतली स्लरी आणून घाला, आणि सुरुवात पुन्हा शेणाच्या पाव मापाने करा.

सावधान: पीएच वाढवायला गडबडीने चुना ओतू नका. चुना आतला कार्बन डायऑक्साइड खेचून घेतो. त्यातून न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं आणि बंद टाकीत दाब एकदम उतरून बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते. द्यायचाच असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून, थोडा थोडा, पीएच मोजत द्या.

याच्या उलट बिघाड विष्ठा किंवा मूत्र जास्त झाल्याचा. स्लरीला अमोनियाचा डोळे चुरचुरवणारा वास येतो, पीएच ८ च्या वर जातो आणि गॅस घटतो. तिथे तो माल बंद करा, पाणी वाढवा, पेंढा थोडा वाढवा. पाणी वाचवायला बाहेर पडलेली पातळ स्लरी पुन्हा काल्यात वापरत असाल तर तीही थांबवा, कारण अमोनिया तिच्याबरोबर फिरत राहतो.

## टप्पा ८: नळी, पाणी आणि गंधक

टाकीतून गॅस पाण्याची वाफ घेऊनच निघतो. नळीला दर मीटरला एक-दोन सेंटीमीटर उतार द्या आणि सर्वात खालच्या बिंदूवर पाणी काढायचा कॉक बसवा. शेगडी भकभक करत जळत असेल, ज्योत लहान-मोठी होत असेल, तर टाकीत दोष शोधण्याआधी हा कॉक उघडून पाहा. बहुतेक वेळा नळीत झोळ पडून तिथे पाणी अडलेलं असतं.

सडक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइड या गंधकयुक्त वायूचा. तो भांडी काळी करतो आणि इंजिनाची बेअरिंग खातो. गंजलेला लोखंडी कीस भरलेल्या डब्यातून गॅस नेला की तो तिथे अडकतो. कीस काळा पडला की बदला, पण डबा उघडण्याआधी आत पाणी सोडा. वापरलेला कोरडा कीस हवा लागताच तापतो आणि पेटूही शकतो.

सावधान: या वायूचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. वास गेला म्हणजे धोका गेला असं समजू नका. टाकीत, रिकाम्या केलेल्या टाकीतसुद्धा, कोणीही उतरू नये. आतला माणूस कोसळला म्हणून दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि तिघेही जातात. सफाई करावीच लागली तर ती यंत्र आणि प्रशिक्षित माणसं असलेल्यांकडून, वायू मोजून, जोराची हवा खेळवून आणि बाहेर दोरी धरलेला माणूस ठेवून. दिवा किंवा मेणबत्ती आत सोडून हवा तपासण्याची पद्धत तर जीवघेणीच, कारण उरलेला मिथेन त्याच ज्योतीने उडतो.

## टप्पा ९: शेगडी आणि इंजिन

एलपीजीची शेगडी जशीच्या तशी चालत नाही. बायोगॅसमध्ये मिथेन ५५ ते ६५ टक्केच असतो आणि ज्योत सावकाश धावते, म्हणून जेट, म्हणजे गॅस सुटायचं छिद्र, मोठं लागतं. बायोगॅससाठी बनवलेली शेगडीच घ्या. हवेची झडप आधी बंद ठेवून पेटवा, पिवळी ज्योत दिसेल. मग झडप हळूहळू उघडा. ज्योत निळी होऊन बर्नरला चिकटून राहिली की तिथेच थांबा. अजून उघडलीत तर ती उडायला लागते आणि माणूस विनाकारण टाकीला दोष देतो.

एक घनमीटर बायोगॅस साधारण ०.४५ किलो एलपीजीचं काम करतो. छोट्या जनरेटरवर त्यातून सुमारे दीड युनिट वीज निघते. डिझेल इंजिनावर वापरायचा तर हवेच्या वाटेने गॅस द्यावा लागतो आणि थोडं डिझेल चालूच ठेवावं लागतं, कारण दाबाने पेटायला तेच लागतं. इंजिनाचा विचार गॅस महिनाभर स्थिर आल्यावर आणि गंधकाचा डबा बसवल्यावरच करा.

## टप्पा १०: बाहेर आलेली स्लरी

स्लरीत नायट्रोजन जवळपास सगळा टिकून असतो, पण बराचसा अमोनियाच्या रूपात. उन्हात पसरून वाळवली तर तो उडून जातो. म्हणून पाण्याबरोबर द्या किंवा टाकल्या दिवशीच मातीत मिसळा, आणि साठवायची असेल तर झाकून ठेवा. थोडी ताजी स्लरी मात्र रोज बाजूला काढा. उद्याचा पेंढा तिच्यातच मुरवायचा आहे.